मोटरची बैठक

मोटरचा दांडा एका दिशेला फिरतो तेव्हा मोटरचं अंग उलट्या दिशेला फिरायला बघतं. टेबलावर मोकळी ठेवलेली मोटर एकदम सुरू केली की ती जागच्या जागी वळवळते, ती यामुळेच. दांड्याला थेट जोडलेल्या रोबोटच्या हाताला जेवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर मिळतो, तेवढाच उलट्या दिशेचा जोर मोटर ज्या तुकड्याला बांधली आहे त्याला सोसावा लागतो. या तुकड्याला माउंट म्हणतात. मोटरचं वजन पेलणं हे त्याचं मुख्य काम, असं पाहताक्षणी वाटतं. प्रत्यक्षात वजन हा त्याच्यावरचा सगळ्यात किरकोळ भार असतो. आकडे मांडून पाहिले की डिझाइन कुठून सुरू करायचं ते कळतं.

आधी बेरीज

उदाहरणासाठी एक छोटा हात घेऊ. खांद्यापासून कोपर १५ सेंमी, कोपरापासून पंजाचं टोक १५ सेंमी, आणि उचलायचं वजन १०० ग्रॅम. हात आडवा, पूर्ण पसरलेला असतो तेव्हा खांद्यावर सर्वांत जास्त भार येतो, म्हणून हिशेब त्याच स्थितीचा करायचा. वजन गुणिले खांद्यापासूनचं अंतर, एवढंच गणित. उचललेले १०० ग्रॅम ३० सेंमीवर : ३ किलो-सेंमी. ६० ग्रॅमचा पंजा साधारण २८ सेंमीवर : १.७. कोपरात बसवलेली ५५ ग्रॅमची सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनावर थांबणारी) १५ सेंमीवर : ०.८. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले प्लास्टिकचे भाग १२० ग्रॅम, त्यांचा गुरुत्वमध्य १५ सेंमीवर धरला तर १.८. एकूण ७.३ किलो-सेंमी.

हौशी मंडळींत सर्वांत जास्त वापरली जाणारी एमजी९९६आर ही सर्वो ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी देते, असं तिच्या माहितीपत्रकात असतं. हा आकडा दांडा पूर्ण अडकल्यावरचा आहे. त्या स्थितीत मोटर थोडा वेळ धरून ठेवली तरी तापून जळते. रोजच्या कामासाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी टॉर्क धरावा, म्हणजे आपल्या खांद्याला ही सर्वो पुरणार नाही. इथे नेमा १७ आकाराची स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर घ्यावी. ४० मिमी लांबीच्या अशा मोटरचं वजन सुमारे २८० ग्रॅम आणि टॉर्क ४० न्यूटन-सेंमीच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने ४ किलो-सेंमी असतो. मोटरवर २० दात्यांची पुली, खांद्यावर ८० दात्यांची पुली आणि मध्ये जीटी२ जातीचा दातेरी पट्टा घातला की टॉर्क चौपट होतो : १६ किलो-सेंमी. गरजेच्या दुप्पट. कोपराला मात्र एमजी९९६आर चालेल.

आता माउंटकडे वळू. खांद्यावरचे ७.३ किलो-सेंमी पेलायला मोटरच्या दांड्यावर त्याचा पाव हिस्सा, म्हणजे १.८ किलो-सेंमी लागतो. २० दात्यांच्या जीटी२ पुलीची त्रिज्या ६.४ मिमीसुद्धा भरत नाही. तेव्हा पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणात जवळजवळ २.९ किलोंचा फरक पडतो. सैल बाजूही लोंबून चालत नाही, म्हणून पट्टा आधीच ताणून ठेवलेला असतो. दोन्ही बाजूंचा ताण मिळून दांड्याला एका अंगाने निदान तीन किलो, आणि बहुतेक वेळा त्याहून बरीच जास्त ओढ बसते. मोटरचं स्वतःचं वजन पाव किलोहून जरासं जास्त. माउंट आखताना डोळ्यांसमोर ठेवायची ती ही ओढ.

दांड्यालाही मर्यादा असते. नेमा १७ मोटरींच्या माहितीपत्रकांत आडव्या ओढीची मर्यादा बहुधा २८ न्यूटन दिलेली असते, दर्शनी पृष्ठभागापासून २० मिमीवर. म्हणजे आपण मर्यादेच्या अगदी काठावर आहोत. उपाय सोपा आहे : पुली मोटरच्या जितकी जवळ, तितकी तरफ छोटी. म्हणून पुली उलटी घालायची, दाते मोटरकडे आणि पुलीला दांड्यावर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूचा भाग बाहेरच्या बाजूला. स्क्रू कसायला ॲलन की पोचते का, तेही त्याच वेळी चित्रात पाहून घ्यायचं.

मापं कुणाची मानायची

नेमा हे अमेरिकेतल्या विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेचं आद्याक्षरी नाव. ही संघटना १९२६ साली स्थापन झाली. नेमा १७ मधला १७ हा आकडा मोटरची ताकद सांगत नाही, लांबीही सांगत नाही. दर्शनी बाजू सुमारे १.७ इंच चौरस, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात ती ४२.३ मिमी भरते. चार भोकं ३१ मिमीच्या चौरसावर असतात आणि त्यांत एम३ स्क्रूचे आटे पाडलेले असतात. मधोमध २२ मिमी व्यासाची, २ मिमी उंचीची गोल उंचवटी असते आणि तिच्यातून ५ मिमीचा दांडा बाहेर येतो.

या उंचवटीचा उपयोग अनेकांच्या लक्षात येत नाही. दांड्याचा मध्य ठरतो तो तिच्यामुळे. स्क्रूचं काम मोटरला माउंटवर दाबून धरण्याचं, आणि दाबलेल्या दोन पृष्ठभागांतलं घर्षण मोटरला फिरू देत नाही. म्हणून मधलं भोक नेटकं, साधारण २२.३ मिमीचं ठेवावं आणि स्क्रूची भोकं थोडी मोकळी, ३.४ मिमीची. उलटं केलं, म्हणजे स्क्रूची भोकं घट्ट आणि मधलं भोक ढगळ ठेवलं, तर मोटरचा मध्य चार स्क्रूंच्या भांडणात ठरतो.

स्क्रूची लांबीही आधी ठरवायची. मोटरमधले आटे साधारण ४.५ मिमी खोल असतात. माउंटची पट्टी ६ मिमी आणि वॉशर अर्धा मिमी असेल, तर १० मिमीचा स्क्रू ३.५ मिमी आत जातो. हे ठीक. १२ मिमीचा स्क्रू तळाला टेकतो. तो कसलेला वाटतो, पण मोटर माउंटवर दाबली जातच नाही.

सर्वो मोटरींना असं एकमुखी प्रमाण नाही. एमजी९९६आरची पेटी ४०.७ बाय १९.७ मिमी असते असं छापलेलं असलं, तरी वेगवेगळ्या कारखान्यांतल्या मोटरींत काही दशांश मिमीचा फरक पडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली आणि ऑनलाइन मागवलेली, अशा एकाच नावाच्या दोन मोटरी एका खाचेत बसतीलच असं नाही. इथे माहितीपत्रकाहून व्हर्नियर खरा. आणखी एक गोष्ट : सर्वोची वायर पेटीच्या एका टोकाला, तळाच्या जरा वर बाहेर येते. खाच पेटीच्या मापाने तंतोतंत कोरली आणि वायरीला वाट ठेवली नाही, तर मोटर आत जाणारच नाही. वाट ठेवताना वायरीच्या टोकाचा तीन पिनांचा कनेक्टरही तिथून पार व्हायला हवा.

तुटत नाही, वाकतं

छापलेला माउंट मोडला तर निदान दोष कुठे आहे ते कळतं. पण अशा छोट्या हातांत माउंट क्वचितच मोडतो. तो जरासा वाकतो, आणि हाताचं टोक भलतीकडे जातं. कोपराच्या सर्वोची माउंटवर बसणारी भोकं लांबीच्या दिशेने जवळपास ५० मिमी अंतरावर असतात. भोकांच्या ढिलाईमुळे एक टोक ०.२ मिमी वर आणि दुसरं ०.२ मिमी खाली सरकलं, तर मोटर जवळजवळ अर्ध्या अंशाने कलते. १५ सेंमी पुढे असलेल्या पंजापाशी हा फरक १.२ मिमीचा होतो. ०.२ मिमी ही अनेक प्रिंटरवर एका थराची जाडी असते. खांद्याच्या पट्ट्याच्या मोटरीचं दुखणं वेगळं. तिथे माउंट ओढीने आत झुकला की पट्टा सैल पडतो, दिशा बदलताना हात क्षणभर मोकळा डुलतो, आणि पुली कलल्यामुळे पट्टा तिच्या कडेवर घासत राहतो.

म्हणजे आपल्याला ताठपणा हवा. पीएलए या प्लास्टिकचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या विसाव्या भागाच्या आसपास आहे. पण पट्टीचं वाकणं तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं : जाडी दुप्पट केली की पट्टी आठपट ताठ होते. त्यामुळे २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीची बरोबरी करायला पीएलएची पट्टी चाळीस मिमी लागत नाही, साडेपाच ते सहा मिमी पुरते. पीएलए हलकं असल्याने वजनही फारसं वाढत नाही. छापलेले भाग पत्र्याच्या भागांपेक्षा गुबगुबीत दिसतात ते या गणितामुळे.

लांबीचाही घन होतो, उलट्या बाजूने. पुढे आलेली पट्टी दुप्पट लांब केली तर तीच ओढ तिला आठपट वाकवते. म्हणून मोटर फ्रेमला जितकी चिकटून बसवता येईल तितकी बसवावी. काटकोनी एल आकाराच्या माउंटला आतल्या कोपऱ्यात दोन्ही कडांना त्रिकोणी आधार द्यावेत, कारण ओढ सगळी त्या कोपऱ्याला उघडायला बघते. कोपरा धारदार न ठेवता आतून ३-४ मिमीची गोलाई द्यावी, कारण धारदार कोपऱ्यात ताण साठतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

भरावाबद्दल एक गैरसमज असतो. आतला जाळीदार भराव, म्हणजे इन्फिल, शंभर टक्के केला की भाग मजबूत होईल असं वाटतं. पण वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कातडीवर येतो. दोन भिंतींऐवजी चार-पाच भिंती आणि ३०-४० टक्के भराव ठेवला, तर कमी प्लास्टिकमध्ये जास्त ताठपणा मिळतो.

थरांची दिशा

सुतार फळी कापण्याआधी तिचे रेषे बघतो. रेष्यांच्या लांबीत लाकूड वाकतं पण तुटत नाही, आणि रेष्यांना समांतर फट पडली की हाताने चिरता येतं. छापलेल्या प्लास्टिकलाही असे रेषे असतात. वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याने थरावर थर चढवण्याची ही रीत स्कॉट क्रम्प यांनी शोधली आणि १९८९ साली पेटंटसाठी अर्ज केला. थर एकमेकांना वितळून चिकटतात, पण थरांमधली पकड थराच्या आतल्या ताकदीच्या तुलनेत बरीच कमी असते, कधी निम्म्यावरही येते.

एल आकाराचा माउंट प्रिंटरच्या पाटावर तळपट्टी टेकवून उभा छापला, तर थर आडवे रचले जातात. मोटरची उभी पट्टी तळपट्टीला जिथे भेटते तिथे थरांचा सांधा नेमका ओढीच्या वाटेत येतो. हा माउंट मोडलाच तर तिथेच, चाकूने कापल्यासारखा सरळ मोडणार. तोच माउंट कुशीवर झोपवून छापला, म्हणजे एल हे अक्षर पाटावर आडवं पडलं, की प्रत्येक थर एका पट्टीतून कोपरा वळून दुसऱ्या पट्टीत सलग जातो.

याची किंमत भोकांना मोजावी लागते. कुशीवर झोपवल्यावर मोटरची भोकं आडवी होतात आणि त्यांच्या छताखाली आधार उरत नाही. ४५ अंशांपर्यंतचा उतार बहुतेक प्रिंटर आधाराशिवाय काढतात, पण गोलाचा माथा त्याहून सपाट असल्याने तिथे धागे लोंबतात. यावर जुना आणि खात्रीचा तोडगा म्हणजे भोक वरच्या बाजूला टोकदार करणं. ४५ अंशांच्या दोन तिरप्या रेषांनी गोलाचा माथा मिटवायचा. खालचा गोल भाग उंचवटीला नेमका धरतो आणि वरचं टोक रिकामं राहतं.

ज्या तुकड्यात दोन दिशांना जोर आहे आणि एकही दिशा सोडता येत नाही, तिथे तो दोन भागांत छापून स्क्रूने जोडावा. थरांना काटकोनात जाणारा लांब बोल्ट आरपार घातला, तर कसल्यावर तो थरांना एकत्र दाबून ठेवतो. हा बोल्ट तासाभराचं जास्तीचं प्रिंटिंग वाचवतो.

भोकं, नट आणि आटे

चित्रात ३ मिमीचं काढलेलं उभं भोक छापल्यावर बहुधा २.७-२.८ मिमीचं भरतं. संगणक वर्तुळाऐवजी अनेक बाजूंची आकृती काढतो आणि तिच्या बाजू वर्तुळाच्या आतून जातात, गरम धागा वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो, आणि थंड होताना प्लास्टिक आकसतं. म्हणून एम३ साठी ३.४ मिमी. पाटाला चिकटणारा पहिला थर मात्र बाहेर पसरतो. त्या कडेला अर्ध्या मिमीची तिरपी कड काढली नाही, तर मोटर पूर्ण टेकत नाही.

प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू पिळला तर दोन-तीनदा खोलल्यावर आटे जातात. जिथे वारंवार खोलावं लागणार तिथे नटसाठी षटकोनी खाच ठेवावी. एम३ नट समोरासमोरच्या बाजूंमध्ये ५.५ मिमी आणि जाडीला २.४ मिमी असतो. खाच त्याहून ०.२ मिमी मोठी पुरते. दुसरा पर्याय म्हणजे पितळी इन्सर्ट, आतून आटे असलेली छोटी नळी. तो सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने भोकात दाबला की भोवतीचं प्लास्टिक वितळून त्याच्या खाचांत शिरतं. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर टाळू नये. प्लास्टिक दाबाखाली महिनोन्‌महिने हळूहळू दबत जातं आणि कसलेला स्क्रू आपोआप ढिला पडतो. दाब मोठ्या जागेवर पसरला की हे दबणं कमी होतं.

पट्टा ताणण्याची सोयही इथेच करायची. मोटरची चार भोकं पट्ट्याच्या दिशेने लांबट, ५-६ मिमीच्या फटी करून ठेवायच्या. मधलं भोकही त्याच दिशेने तेवढंच लांबट करायचं. आडव्या दिशेला ते नेटकंच राहतं, त्यामुळे मोटर सरकते पण तिरकी होत नाही.

मे महिन्याचा हिशेब

स्टेपर मोटर जागेवर उभी असतानाही वेटोळ्यांतून विद्युतप्रवाह घेत राहते. हात आडवा धरून ठेवला आहे, काहीच हलत नाही, आणि मोटर तापतेच आहे, हे नवख्याला विचित्र वाटतं. मोटरचं अंग भोवतालच्या हवेहून ३० अंश जास्त तापणं अगदी नेहमीचं. पुण्यात डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ती ५५ अंशांवर स्थिरावेल. नागपुरात मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत पारा ४२ वर असेल, तर तीच मोटर ७२ अंशांवर जाईल. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हिवाळ्यात उत्तम चाललेला माउंट उन्हाळ्यात पट्ट्याच्या ओढीने कायमचा वाकतो. दुसऱ्या प्लास्टिकांपैकी पीईटीजी ऐंशीच्या आसपास टिकाव धरतं आणि एबीएस शंभराच्या पुढे. पण एबीएस छापताना आकसून कडा उचलतं आणि त्याचा धूर बंद खोलीत घेऊ नये, म्हणून घरच्या कामाला पीईटीजी बरं. कोकणात पावसाळ्यात पीईटीजीचं रीळ उघडं ठेवू नये. ते हवेतली ओल शोषतं, छापताना फुसफुसतं आणि थरांची पकड कमजोर होते.

तापण्यावरचा फुकटचा उपाय मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह ७० टक्क्यांवर आणला तर टॉर्क तीस टक्क्यांनी कमी होतो, पण उष्णता निम्म्यावर येते. आपल्या बेरजेत टॉर्क गरजेच्या दुप्पट ठेवला होता तो अशा वेळी कामी येतो.

दुसरी बाजू

सर्वोच्या दांड्याला एकाच बाजूने हात जोडला की सगळं वजन त्या एका टोकावर लटकतं. माउंटच्या विरुद्ध बाजूला, दांड्याच्याच रेषेत, एक बेअरिंग दिलं तर दांड्याला फक्त फिरवण्याचं काम उरतं. स्केटबोर्डमध्ये वापरतात ते ६०८ बेअरिंग ८ मिमी आतून, २२ मिमी बाहेरून आणि ७ मिमी जाड असतं, आणि ते कुठेही मिळतं. द रोबोट स्टुडिओ आणि हगिंग फेस यांनी २०२४ साली खुल्या केलेल्या एसओ-आर्म१०० या हातातल्या सर्वोंना मागच्या बाजूलाही मोकळी फिरणारी चकती बसते. त्यामुळे छापलेला भाग मोटरला दोन्ही अंगांनी कवेत घेतो. ईझीबॉटआर्म या जुन्या हाताने वेगळी वाट धरली. एबीबी कंपनीच्या आयआरबी ४६० या औद्योगिक हातावरून बेतलेल्या या रचनेत कोपराची मोटर खालीच, खांद्यापाशी राहते आणि जोडदांड्यांनी कोपर हलवते. आपल्या बेरजेतले ०.८ किलो-सेंमी तिथे जागेवरच वाचतात. आपल्या नावाने नवं डिझाइन काढण्याआधी अशा खुल्या हातांच्या फाइली उघडून त्यांचे माउंट कसे आहेत ते पाहणं हा या विषयाचा उत्तम वर्ग आहे.

छापण्याआधी, छापल्यावर

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ साली रेपरॅप प्रकल्प सुरू केला. स्वतःचे भाग स्वतः छापणारा प्रिंटर, ही त्याची कल्पना, आणि त्या भागांत मोटरींचे माउंटही होते. पुढे त्या परंपरेतल्या प्रुसा मेंडेल या प्रिंटरमध्ये नेमा १७ मोटरी बसल्या. त्या वर्तुळात ओपनस्कॅडसारख्या चित्र काढण्याच्या संगणकी साधनांत आकडे चलपदं म्हणून लिहिण्याची सवय रुजली. आपणही भोकांमधलं अंतर, पट्टीची जाडी, भोकांची मोकळीक यांना नावं द्यावीत. सर्वो बदलली तर दोन आकडे बदलायचे, चित्र आपोआप जुळतं.

पूर्ण माउंट छापण्याआधी फक्त त्याच्या दर्शनी भागाचा २ मिमीचा काप छापावा. काही मिनिटांचं काम. मोटर त्यावर बसवून पाहिली की भोकं, उंचवटी, वायरीची वाट सगळं समजतं.

हात जुळल्यावर तो आडवा धरून पंजाशेजारी मोजपट्टी उभी करावी. १०० ग्रॅम टांगून टोक किती खाली येतं ते लिहून ठेवावं. मग मोटर तासभर चालवून, ती तापलेली असताना पुन्हा मोजावं आणि थंड झाल्यावर तिसऱ्यांदा. गरम असताना आकडा वाढला आणि थंड झाल्यावर मूळ जागी आला, तर प्लास्टिक मऊ पडतंय. परत आलाच नाही, तर ते दबलंय किंवा स्क्रू ढिले झालेत. थंडपणीच आकडा मोठा असेल, तर एकेक माउंट बोटाने दाबून बघावा. ज्या माउंटला दाबल्यावर टोक सर्वांत जास्त हलतं तोच जाड करावा, बाकीच्यांना हात लावू नये. कारण कोपराच्या माउंटमध्ये घातलेला प्रत्येक जादा ग्रॅम १५ सेंमीच्या तरफेने खांद्याच्या बेरजेत चढतो. तिथले २० ग्रॅम वाढवले की खांद्याच्या मोटरीचा ०.३ किलो-सेंमी गेला, म्हणजे पंजाने उचलायच्या वजनातले १० ग्रॅम गेले.